स्टुलावरच्या माणसाने बोलायचं नाही

६ नोव्हेंबर, गुरुवार

पार्ल्याला सुलक्षणाताईंच्या घरी बैठक झाली. जोड्या ठरल्या. माझ्या वाट्याला गोवंडीची सपना आली.

सुलक्षणाताईंनी आयुष्यभर कॉलेजात फार्मसी शिकवली. आता निवृत्तीनंतर त्या आम्हा मेडिकलवाल्यांना एकमेकांकडून शिकायला लावतायत. त्यांचं म्हणणं असं, की डॉक्टरला डॉक्टर भेटतो, नर्सला नर्स भेटते, पण मेडिकलमधला फार्मासिस्ट दिवसभर एकटाच. त्याचं काम बघणारं त्याच्या बरोबरीचं कुणी नसतं. म्हणून जोडी. एकीने दुसरीच्या दुकानात काउंटरच्या आत स्टुलावर बसून बघायचं. मग दुकानाबाहेर चहा प्यायचा आणि फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. आणि गिऱ्हाईक समोर असताना स्टुलावरच्या माणसाने बोलायचं नाही.

ओळख करून देताना प्रत्येकाने आपल्याला काउंटरवर कशाची भीती वाटते ते सांगायचं होतं. मी म्हटलं, सगळ्याची. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

सपना म्हणाली, "बरं झालं. मला कशाचीच वाटत नाही. आपली सरासरी चांगली येईल."

८ नोव्हेंबर, शनिवार

आज सपना, मी नोकरी करते त्या मुलुंडच्या दुकानात येऊन बसली. मी नेहमीसारखंच काम केलं, म्हणजे हळू. फळीवरून स्ट्रिप काढताना वाचली, कापताना वाचली, देताना वाचली. एक काका ओरडले, "मॅडम, गोळी देताय की लग्नाची पत्रिका वाचताय?" एका बाईंना मी रिक्षा स्टँडपर्यंत धावत जाऊन परत बोलावलं, पिशवी तपासली, सगळं बरोबर होतं. त्या पुन्हा येतील असं वाटत नाही. दुकानातली पोरं मला सीसीटीव्ही म्हणतात हे सपनाला आता कळलं.

चहा पिताना तिने विचारलं, "तिसऱ्यांदा वाचतेस तेव्हा स्ट्रिपवर काय नवीन छापलेलं असतं?"

मी म्हटलं, अण्णांनी शिकवलंय तसं.

"ते नाही विचारलं. तिसऱ्यांदा तू वाचतेस, की नुसती घाबरतेस?"

मी चहाचे पैसे द्यायला उठले. 

माझी पहिली शाळा म्हणजे माझ्या वडिलांचं, अण्णांचं, कांजूरचं मेडिकल. अक्षरं मी औषधांच्या खोक्यांवरून शिकले. शाळेतून सरळ दुकानात, दप्तर काउंटरखाली. अण्णा म्हणायचे, तीनदा वाच. अण्णा म्हणायचे, गिऱ्हाइकापुढे औषधवाल्याचा हात कधी अडवायचा नाही, एकदा त्याचा विश्वास उडाला की औषधसुद्धा लागू पडत नाही. कोपऱ्यात आई तांदूळ निवडत बसलेली असायची. तिला मात्र वेळकाळ कळायचा नाही. दुकानात ही गर्दी, आणि ही मधेच विचारणार, "अवो, पाणी देऊ?" अण्णा चिडायचे, हातातली स्ट्रिप खाली ठेवायचे, दोन घोट घ्यायचे आणि मग पुन्हा फळीकडे वळायचे. त्यांचा किती वेळ जायचा त्यात. पण कधी नको म्हणाले नाहीत. एवढं प्रेम होतं म्हणायचं.

अण्णांचे डोळे गेल्यावर दुकान विकलं. फळ्या अजून घरी आहेत. त्यांवर आता आईच्या बरण्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मला नीट लिहायचं आहे. जे दिसलं ते आणि जे वाटलं ते वेगळं करून.

आज माझी स्टुलावर बसायची पाळी. सपना काम करते ते दुकान गोवंडीच्या बाजारात, दोन्ही बाजूंना माणसं रेटतायत. ती झपझप काम करते, पण धांदरट नाही. लोक तिला नावाने हाक मारतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती पाकिटांवर चित्रं काढते. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. मला ते फार आवडलं. चहाच्या वेळी सांगायचं ठरवलं.

मग धोंडिराममामा आले. बोटं वाकडी झालेली, सांधेवात. त्यांना दोन गोळ्या लिहून दिलेल्या. एक मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती रोज पोटात गेली तर रक्तातल्या पेशी कमी होतात, तोंड सोलवटतं, म्हातारा माणूस दगावूही शकतो. दुसरी फोलिक अ‍ॅसिड, साधं जीवनसत्त्व, बाकीचे दिवस रोज. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या.

सपनाने विचारलं, "मामा, विहारात कधी जाता?"

"रविवारी. वंदनेला. चुकवत नाय."

"मग वंदना करून आलात, जेवलात, की ही एक. फक्त रविवारी." तिने एका पाकिटावर पिंपळाचं पान काढलं. दुसऱ्यावर सूर्य. "आणि ही बाकी रोज. रविवार सोडून."

मामा म्हणाले, "पान म्हणजे रविवार. सूर्य म्हणजे रोज. पक्कं."

तेवढ्यात फोन वाजला, सपनाने तो मानेत धरला. मागून कुणी बाई ताप मोजायचं यंत्र मागत होती. सपनाने दोन्ही स्ट्रिप्स पाकिटांत घातल्या आणि मामांना दिल्या.

मेथोट्रेक्सेटचा तुकडा चार गोळ्यांचा होता, महिन्याचा. मला वाटलं, तो चारांचा तुकडा सूर्याच्या पाकिटात गेला.

वाटलं. मी बाजूला होते, तिचा हात मधे होता. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. पण नियम. आणि समोर गिऱ्हाईक. आणि मी ती, जी रिक्षा स्टँडपर्यंत धावते आणि पिशवीत सगळं बरोबर निघतं.

मामा गर्दीत गेले.

चहाला मी विचारलं, "मधेच फोन आला की तू काय करतेस?"

सपना म्हणाली, "उचलते! का, तू काय करतेस? नवस बोलतेस?"

मी हसले. हेही लिहायला हवं, की मी हसले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रात्री गॅस तीनदा बघितला. बंदच होता. मी हे मुद्दाम लिहून ठेवतेय. गॅस नेहमी बंदच असतो. म्हणजे मामांचं पाकीटही बरोबरच असणार. माझ्या डोक्याची ही खोड आहे आणि तिच्यापायी मी एका चांगल्या बाईवर आळ घेणार आहे का?

तिचा नंबर दोनदा काढला. काय विचारणार? "तू चुकलीस का?" हा प्रश्न आहे की आरोप?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना अण्णांना सांगितलं, दुसऱ्याच कुणाचं म्हणून. अण्णा म्हणाले, "बोलली नाही ते बरोबर केलं. दुकानात दोन तोंडं झाली की दुकान बुडतं."

आईने आमटीचं भांडं जरा जोरात ठेवलं. कढत असेल.

मग तिने विचारलं, "तो माणूस पुढे कसा आहे?" मी म्हटलं, कुठला माणूस? "जो औषध घेऊन गेला तो, गो." मी म्हटलं, माहीत नाही. अण्णा म्हणाले, मीठ कमी आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मनाची समजूत घातली. पाकिटं बदललीच असतील, तर सूर्याच्या पाकिटात चारच गोळ्या. त्या संपल्या की मामा सपनाकडे येतील, "रोजची संपली" म्हणून, आणि तिच्या लगेच लक्षात येईल. ती हुशार आहे. मी गप्प राहिले तरी चूक आपोआप पकडली जाईल.

आज सपनाची पाळी होती, पण तिच्या भावाकडे कार्यक्रम असल्यामुळे ती आली नाही. फोनवर बोलली. मामांचं काही म्हणाली नाही. म्हणजे मामा आले नाहीत. म्हणजे पाकिटं बरोबर होती. हिशेब जुळतो.

मग मला जेवण का जात नाहीये?

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी एक मुलगा दुकानात आला. आजीच्या तोंडात फोड आलेत, मलम द्या. मी मलम काढलं, एकदा वाचलं, दिलं. मग आत गेले आणि खोक्यांच्या मधे उभी राहून सपनाला फोन लावला.

"सपना, त्या दिवशी मामांच्या सूर्याच्या पाकिटात तू मेथोट्रेक्सेट घातलंस."

पलीकडे बाजाराचा आवाज. मग ती म्हणाली, "वाटतंय की बघितलंस?"

मी सांगणार होते, वाटतंय. पण डोळ्यांपुढे तो कापलेला तुकडा आला. "बघितलं. चारांचा तुकडा होता."

"त्या दिवशी?"

"हो."

"आणि आज कुठला वार आहे, श्रुतिका?"

"सोमवार."

"मी शटर ओढते. तू इकडे ये. आत्ता."

मालकाला सांगितलं, घरी बरं नाही. खोटं बोलले. लिंक रोडवरची बस सिग्नलला थांबली की मला उतरून ढकलावंसं वाटत होतं.

मामांची खोली गल्लीच्या अगदी टोकाला. त्यांची सून शकु दारात भांडी घासत होती. सपनाला बघून म्हणाली, "अगं ताई, तू? बरं झालं आलीस. बाबांना उष्णता झालीय बघ, तोंड आलंय सगळं. नुसती पेज पितायत. सब्जा भिजवून देतेय."

मामा भिंतीला टेकून बसले होते. हसायला गेले आणि ओठ फाटला. सपनाने त्यांच्यापुढे बसून तोंड उघडायला लावलं, मोबाइलचा उजेड पाडला. मला मागून दिसलं. गालाच्या आतून सालं निघालेली.

"मामा, पाकिटं कुठायत?"

शेल्फवर, बुद्धाच्या फोटोपाशी, दोन्ही नीट ठेवलेली. पानाच्या पाकिटात फोलिक. सूर्याच्या पाकिटात मेथोट्रेक्सेट. पण चारांचा तुकडा नव्हे, स्ट्रिप होती, नवीन, एकच गोळी काढलेली.

शकु म्हणाली, "रोजची चार दिवसांत संपली ना. तुझं दुकान लांब पडतं, म्हणून त्या रिकाम्या तुकड्यावरून इथल्याच एका मेडिकलमधून आणली. त्याने बघून दिली. बाबा एक दिवस चुकवत नाहीत हां, सूर्य उगवला की गोळी."

माझा हिशेब.

सपनाने पाकिटं हातात घेतली. मला वाटलं ती आता काहीतरी सांगेल, कंपनी बदलली, रंग सारखा, असलं काहीतरी. ती म्हणाली, "मामा, चूक माझी आहे. रविवारची गोळी मी रोजच्या पाकिटात घातली. तोंड त्यामुळे आलंय. रक्तही कमी झालं असेल. आपल्याला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जायचंय, मी तुमच्याबरोबर येते."

शकुच्या हातात साबणाचा फेस होता, तशीच ती उभी राहिली. "तू चित्र काढून दिलंस ना पण," ती म्हणाली. "आम्ही चित्र बघूनच दिली."

"हो. तुम्ही बरोबर केलंत."

मामांना रिक्षात घातलं. मी पुढे चढायला लागले तर सपनाने मला थांबवलं. खालच्या आवाजात म्हणाली, "तू दुसऱ्या दिवशी फोन केला असतास, तर एक गोळी गेली असती पोटात. एक. चूक मी केली, ती माझी. पण मला माहीत नव्हतं. तुला होतं."

रिक्षा गेली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दाखल करून घेतलंय. पांढऱ्या पेशी फार कमी. उतारा म्हणून इंजेक्शनं सुरू केली आहेत. ताप आहे. डॉक्टर म्हणाले, वय बघता काही सांगता येत नाही. हे मला शकुकडून कळलं. सपना फोन घेत नाही.

सुलक्षणाताईंना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी मी म्हटलं, ताई, नियम होता ना.  त्या म्हणाल्या, "नियम मी केला. गिऱ्हाइकापुढे कुणाचा अपमान होऊ नये म्हणून. गिऱ्हाईक मरावं म्हणून नव्हता केला. पण हे लिहायचं मलाही सुचलं नाही, श्रुतिका."

मला वाटलं होतं त्या मला ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ताप उतरलेला नाही. दुकानात आज एकही स्ट्रिप तीनदा वाचली नाही. एकदा वाचते आणि तशीच धरून उभी राहते. इतकी वर्षं मी माझीच चूक शोधत होते. दुसऱ्याची दिसली तेव्हा ती माझी नव्हती म्हणून...

हे वाक्य पुरं करता येत नाही.

घरी अण्णांना खरं काय ते सांगितलं, की ती मुलगी मीच. अण्णा म्हणाले, "आमच्या दुकानात असं कधी झालं नाही. इतकी वर्षं, एक चूक नाही." अभिमानाने नाही, माझं दुःख हलकं करायला म्हणाले, ते मला कळतं. आई तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शकुचा फोन. ताप नाही. पेशी थोड्या वाढल्या. मामांनी आज दूधभात खाल्ला आणि विचारलं, आज रविवार ना, पानाचा दिवस?

मी दुकानाच्या मागे जाऊन रडले. पोरांना वाटलं मालक ओरडला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मामा घरी आले. भेटायला गेले, मोसंबी घेऊन. शकुने पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. तिचं बरोबर आहे. मामाच म्हणाले, "बस गं पोरी. ती सपना रोज यायची दवाखान्यात. मी म्हटलं, अगं दुकान बघ. तर म्हणते, दुकानात बसवतच नाही."

मला वाटलं, मालकाने काढलं तिला. मामा म्हणाले, नाही, काढलं नाही. तिने स्वतःच मालकाला सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, बाहेर बोंब करू नकोस, काम कर. पण तिला पाकिटावर चित्र काढता येत नाही. पेन घेते आणि ठेवते.

सपना, जिला कशाचीच भीती वाटत नाही.

येताना तिच्या दुकानावरून आले. थांबले नाही.

७ डिसेंबर, रविवार

सपनाचा फोन. मी घेतला.

"ऐक," ती म्हणाली, "काल दादरला चैत्यभूमीवर गेले होते. रांगेत उभं राहिल्यावर डोक्याला काम नसतं. विचार केला, मी आता कुणाला औषध देताना घाबरते. आणि माझ्या दुकानात घाबरायची सवय असलेलं कुणीच नाही. मंगळवारी ये."

"जोडी मोडली नाही?"

"मोडायची होती. राग आहे अजून, खोटं नाही सांगत. पण ये. आणि येताना तोंड घेऊन ये."

९ डिसेंबर, मंगळवार

गेले. स्टूल तिथेच होतं, फडक्याने पुसलेलं. सपना "बस" म्हणाली आणि कामाला लागली. पूर्वीपेक्षा हळू. दोनदा तिचा हात फळीपाशी थांबलेला बघितला. तो थांबलेला हात मी ओळखते.

गर्दी वाढली. एका आजोबांना रक्तदाबाची गोळी हवी होती. सपनाने स्ट्रिप काढली, पाकीट घेतलं, पेन उघडलं. सूर्य काढायला लागली. आणि मला वाटलं, आजोबांच्या कागदावर गोळी रात्री घ्यायची असं लिहिलंय. मी बाजूला होते, तिचा हात मधे होता. अगदी तसंच.

तोंड उघडलं. "थांब" म्हणायचं होतं. रांगेतले सगळे आमच्याकडे बघत होते. आणि जे बाहेर पडलं ते असं, "सपना, पाणी देऊ?"

कुठून आलं कोण जाणे.

सपनाने माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या स्ट्रिपकडे. मग सगळं काउंटरवर ठेवलं, कागद पुन्हा उचलला आणि बोट ठेवून वाचला. रांगेतला एकजण म्हणाला, "ओ, पाणी नंतर प्या ना." तिने तिकडे बघितलंच नाही.

"सकाळीच आहे," ती म्हणाली. कागद माझ्यापुढे धरला. सकाळीच होतं. मी चुकले होते, भर बाजारात, सगळ्यांसमोर. 

तिने सूर्य पुरा केला. सगळे किरण. मग आजोबांना पाकीट दिलं आणि मला म्हणाली, "पाणी दे आता. विचारलंस ना."

मी बाटली दिली. ती दोन घोट प्यायली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

चहाला तिने एकच प्रश्न विचारला, "पुन्हा विचारशील?" मी हो म्हटलं.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. म्हटलं, आई, बघ ना, मधेच पाणी विचारलं मी, तुझ्यासारखं.

लाटणं थांबलं. "मग? काय निघालं?"

"काही नाही. तिचं बरोबरच होतं. मीच चुकले."

"असू दे," आई म्हणाली. "ह्यांचंपण बहुतेक वेळा बरोबरच असायचं."

मी विचारलं, काय बरोबर असायचं? तिने पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे पाठ केली. आतल्या खोलीत अण्णांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.  मग आतून अण्णांचा आवाज आला, "अगो, पाणी दे जरा."

आईने गॅस बारीक केला आणि तांब्या भरून आत घेऊन गेली.